नसेचें दुखणें : औषधांचा मेळ आणि औषधांची मिसळ



दुखणें म्हटलें कीं तें सारें एकाच जातीचें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पायांत कांटा मोडला तरी दुखतें, दाढ किडली तरी दुखतें, आणि उतारवयांत रात्रीं तळपायांची आग होऊन झोंप उडते तेंहि दुखणेंच. या तिहींवर एकच गोळी घ्यावी, आणि ती लागू पडली नाहीं म्हणजे तिच्याहून जबर गोळी घ्यावी, हा क्रम खेड्यांत आणि शहरांत सारखाच चालतो. परंतु या तीन दुखण्यांपैकीं तिसरें अगदीं निराळ्या जातीचें आहे. त्याचे नियम निराळे आहेत, आणि त्यावरचा इलाज बहुधा एकट्या औषधाचा नसून अनेक उपायांच्या मेळाचा असतो. मेळ निराळा आणि मिसळ निराळी. या दोहोंतील भेद सांगणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मी वैद्य नव्हें. बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेड राजा तालुक्यांतील दुसरबीड या गांवीं राहणारा एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. परंतु शाळामास्तराच्या ओट्यावर लोक कागद वाचून घेण्यास येतात, आणि हल्लीं त्या कागदांत सात-बाराच्या उताऱ्यांपेक्षां औषधांच्या चिठ्ठ्याच अधिक असतात. एकेका माणसाजवळ तीन तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शिवाय कोणी तरी दिलेली एक पुडी आणि एक तेलाची बाटली. त्या वाचतां वाचतां या विषयाचें वाचन मला करावें लागलें. आणि उरलेला धडा माझ्या स्वतःच्या अंगावर उठलेल्या नागिणीनें दिला.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करूं. आपल्या बोलींत 'नस' हा शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंस लावला जातो. हातावर निळी दिसणारी रक्तवाहिनी ती नस. टांचेच्या मागें ताणलेला दोर हातास लागतो तीहि नस. आणि त्वचेवरील स्पर्श मेंदूपर्यंत पोंचविणारा जो बारीक तंतु, तीहि नसच. 'नस दबली', 'नस आखडली', 'शीर चढली' असें म्हणतांना यांपैकीं कोणती वस्तु मनांत आहे हें बोलणाऱ्यासहि पुष्कळदां ठाऊक नसतें. परिणामीं रक्त पातळ करण्याची गोळी, आखडलेला स्नायु सैल करण्याची गोळी आणि खऱ्या तंतूवरची गोळी या सर्वांस 'नसेची गोळी' हें एकच नांव पडतें. आज मी नस म्हणेन तेव्हां ती तिसरी, म्हणजे मज्जातंतु, एवढें ध्यानांत असावें.

या मज्जातंतूचें काम समजण्यास शाळेंतील विजेच्या घंटेचें उदाहरण पुरेसें आहे. मुख्याध्यापकांच्या खोलींत कळ असते, तेथून भिंतीवरून तार गेलेली असते, आणि व्हरांड्यांत घंटा असते. कळ दाबली कीं घंटा वाजते. कांटा मोडणें, हात भाजणें, सांधा सुजणें हें झालें कळ दाबणें. तार निरोप नेते आणि मेंदूंतील घंटा वाजते. हें दुखणें खरें बोलतें. जेथें दुखतें तेथें कांहीं तरी खरोखरच बिघडलेलें असतें. आतां अशी कल्पना करा कीं, त्या तारेवरचें वेष्टण उंदरानें कुरतडलें. मग कळेस कोणी बोटहि न लावतां घंटा वेळीं-अवेळीं खणखणूं लागते. आणि कधीं कधीं तर कळ जोरानें दाबूनहि ती वाजत नाहीं. नसेचें दुखणें म्हणतात तें हेंच. तेथें आग होते, मुंग्या येतात, सुया टोंचतात, विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते, अंगावरच्या चादरीचा स्पर्शहि सोसवत नाहीं. आणि त्याच पायास खिळा रुतला तर कळत नाहीं. पाय दुखतोहि आणि बधिरहि आहे, हें ऐकून घरचीं माणसें रोग्यास लहरी ठरवितात. परंतु तार बिघडली असतां दोन्ही गोष्टी एकदम घडणें हेंच स्वाभाविक आहे.

नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या येथें कां चालत नाहींत, हेंहि यावरून उघड होईल. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारखीं औषधें सूज आणणारे पदार्थ शरीरांत कमी करतात. म्हणजे तीं कळेवरचें बोट बाजूस करतात. बोट मुळांत कळेवर नसेलच, तर अशी गोळी एक घेतली काय आणि चार घेतल्या काय, घंटा थांबत नाहीं. मात्र त्या चार गोळ्यांचा भार पोटावर आणि मूत्रपिंडांवर पडतोच. मधुमेहानें ज्याचीं मूत्रपिंडें आधींच थकलेलीं आहेत, त्यानें तळपायांच्या आगीसाठीं महिनोन्‌महिने अशा गोळ्या घ्याव्या, हा फार महाग सौदा होय.

तार कुरतडणारे उंदीर अनेक आहेत. मधुमेह हा त्यांतील सर्वांत मोठा, नागीण दुसरा, मणक्यांमधील गादी सरकून कमरेच्या मुळाशीं मज्जातंतु दाबला जाणें तिसरा. आमच्याकडे सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत कमरेपासून घोट्यापर्यंत कळ जाणारीं माणसें दर दोन घरांआड दिसतात. आपल्या आयुर्वेदांत या दुखण्यास 'गृध्रसी' म्हटलें आहे. याशिवाय दारूचें व्यसन, ब१२ जीवनसत्त्वाची उणीव, आणि क्षयावरील आयसोनियाझिड या औषधाचा परिणाम हींहि कारणें आहेत. यांपैकीं शेवटच्या दोहोंकडे विशेष लक्ष असावें. कारण तीं ओळखलीं तर उपाय सोपा असतो. क्षयाच्या औषधासोबत ब६ जीवनसत्त्वाची लहान गोळी देतात ती याचसाठीं. तसेंच, मधुमेहावर वर्षानुवर्षें मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तांत ब१२ कमी होऊं शकतें. त्यांतून जो शाकाहारी आहे आणि दूध-दहींहि बेताचेंच घेतो, त्याच्या पायांची आग साखरेमुळें आहे कीं ब१२ च्या उणिवेमुळें, हें रक्त तपासल्याशिवाय सांगतां येत नाहीं. म्हणून पहिला नियम असा कीं, घंटा बंद करण्यापूर्वीं उंदीर शोधावा.

हा नियम मोडल्यास काय होतें याचा दाखला आमच्या विदर्भाइतका क्वचितच कोठें मिळेल. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम काढलें, अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं तपोवन उभें केलें, आणि पुढें वरोऱ्यास बाबा आमट्यांचें आनंदवन झालें. या संस्थांतून ज्यांचीं बोटें झडलेलीं आणि पाय व्रणांनीं भरलेले आपण पाहिले, त्यांचा मूळ रोग मज्जातंतूंचाच होता. कुष्ठाचा जंतु त्वचेबरोबर मज्जातंतूंत शिरतो. संवेदना गेली कीं हात चुलींत भाजतो तरी कळत नाहीं, आणि जखमांवर जखमा होऊन बोटें जातात. परंतु संवेदना जाण्यापूर्वीं पुष्कळदां कोपराच्या किंवा गुडघ्याच्या बाजूची नस सुजते आणि ठणकते. तो ठणका म्हणजे आग लागल्याची हांक असते. त्या वेळीं प्रेडनिसोलोन हें स्टिरॉइड वैद्यांच्या देखरेखीखालीं, उतरत्या मात्रेनें, कित्येक आठवडे दिल्यास नस वांचूं शकते. साधी वेदनाशामक गोळी घेऊन तो ठणका दडपला, तर हात जातो.

याच रोगानें मेळाचा अर्थहि आपल्याला शिकविला. १९४० नंतरच्या दशकांत कुष्ठावर डॅप्सोन हें एकच औषध मिळालें, आणि तें वर्षानुवर्षें एकटेंच दिलें गेल्यामुळें जंतु त्यास दाद देईनासे झाले. तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रिफांपिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन हीं औषधें एकत्र देण्याची शिफारस केली. या बहुविध औषधोपचाराचा प्रारंभ भारतांत ज्या जिल्ह्यांत प्रथम झाला, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. एका औषधाच्या तावडींतून सुटलेला जंतु दुसऱ्याच्या तावडींत सांपडावा, हा त्यांतील हिशेब. प्रत्येक औषध कां आहे, त्याचें काम कोणतें, आणि तें किती दिवस द्यावयाचें, हें ठरलेलें होतें. याचें नांव मेळ.

आतां नसेच्या दुखण्यावरील औषधांचा मेळ कसा घालतात तें पाहूं. हीं औषधें मुख्यतः तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार खवळलेल्या तारेस शांत करणाऱ्यांचा: गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन, आणि चेहऱ्यावरील विजेसारख्या कळांसाठीं कार्बामॅझेपिन. हीं मूळचीं अपस्मारावरचीं, म्हणजे फेंफऱ्यावरचीं औषधें होत. दुसरा प्रकार मेंदूंतून खालीं येणारा लगाम घट्ट करणाऱ्यांचा. आपला मेंदू दुखण्याचे निरोप नुसते ऐकत नाहीं, तर खालीं उलट निरोप पाठवून त्यांस आवरीतहि असतो. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्सेटिन हीं औषधें त्या आवरण्याच्या शक्तीस जोर देतात. हीं मूळचीं मनाच्या उदासीनतेवरचीं. तिसरा प्रकार वरून लावण्याच्या औषधांचा: मिरचींतील तिखटपणाचें सत्त्व जें कॅप्सेसिन त्याचें मलम, आणि त्वचा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी.

येथें सुशिक्षित कुटुंबांत एक मोठा घोटाळा होतो. चिठ्ठीवरचें नांव मुलगा किंवा सून भ्रमणध्वनीवर शोधतात, आणि 'हें तर वेडाचें औषध', 'हें तर फेंफऱ्याचें औषध' असें म्हणून आजोबांची गोळी दुसऱ्याच दिवशीं बंद करतात. आजोबांसहि वाटतें, डॉक्टरांनीं आपलें दुखणें मनाचे खेळ ठरविलें. तसें मुळींच नाहीं. अमिट्रिप्टिलिनचा नसेच्या दुखण्यावर होणारा परिणाम उदासीनता नसलेल्या माणसांतहि दिसतो, आणि तोहि उदासीनतेवर लागणाऱ्या मात्रेहून पुष्कळ लहान मात्रेंत. एकाच सुरीनें भाजी चिरतात आणि दोरीहि कापतात. सुरीचें नांव बदलावें लागत नाहीं.

यांपैकीं एकाच औषधाची मात्रा वाढवीत जावें, कीं दोन औषधें लहान मात्रेंत जोडावीं? या प्रश्नाचा शास्त्रीय कस कॅनडांतील गिलरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावला. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मधुमेहाचें किंवा नागिणीनंतरचें नसेचें दुखणें असलेले ५६ रोगी होते. शून्य ते दहा अशा मापावर त्यांचें दुखणें सरासरीनें ५.४ होतें. एकट्या गॅबापेंटिननें तें ३.२ वर आलें, एकट्या नॉरट्रिप्टिलिननें २.९ वर, आणि दोन्ही मिळून २.३ वर. पुढें इंग्लंडांतील शेफील्डच्या टेस्फाये यांच्या पुढाकारानें १३ केंद्रांत १३० मधुमेही रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला, तो २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. अमिट्रिप्टिलिन, प्रेगाबॅलिन किंवा ड्युलॉक्सेटिन यांपैकीं कोणत्याहि एकानें प्रारंभ केला, आणि तेवढ्यानें पुरेसा आराम न पडल्यास दुसरें जोडलें, तर शेवट सारखाच चांगला होतो असें त्यांत दिसलें. १६ आठवड्यांत सरासरी दुखणें ६.६ वरून ३.३ वर आलें.

या आंकड्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, दुखणें निम्म्यावर आलें. तें शून्यावर आलें नाहीं. 'गोळी घेऊनहि दुखतेंच आहे, मग ती घ्यावी कशाला?' असें म्हणणारानें हें लक्षांत ठेवावें. निम्म्यावर आलेल्या दुखण्यांत माणूस झोंपूं शकतो, नातवास शाळेंत पोंचवूं शकतो, देवदर्शनास जाऊं शकतो. दुसरी ही कीं, हा उतार पडण्यास दिवस नव्हे, आठवडे लागले. आधीं एक औषध, तेंहि लहान मात्रेंत, मग हळूहळू वाढ, मग निवाडा, आणि गरज असल्यास दुसरें. दोन्ही एकदम सुरू केलीं तर गुण कोणाचा आणि चक्कर कोणाची, हें डॉक्टरांसहि उमगत नाहीं. शिवाय, एका नसेस लागू पडलेलें औषध दुसऱ्या नसेस लागू पडेलच असेंहि नाहीं. कमरेपासून पायांत जाणाऱ्या कळेवर प्रेगाबॅलिन देऊन ऑस्ट्रेलियांत प्रयोग झाला. त्यांत खोट्या गोळीपेक्षां त्याचा अधिक उपयोग दिसला नाहीं, चक्कर मात्र अधिक आली, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणून शेजाऱ्याच्या मधुमेही पायास गुण आला, यास्तव ती गोळी आपल्या कमरेस मागूं नये.

आतां मिसळीकडे वळूं. मिसळ म्हणजे कोणाच्याहि एका नजरेखालून न गेलेलीं, निरनिराळ्या हातांनीं दिलेलीं औषधें एकाच पोटांत पडणें. हाडांच्या डॉक्टरांनीं ट्रॅमाडॉल दिलें, मधुमेहाच्या डॉक्टरांनीं ड्युलॉक्सेटिन दिलें, आणि झोंपेसाठीं जुनी अमिट्रिप्टिलिनची पट्टी कपाटांत होतीच. तिन्ही औषधें स्वतंत्रपणें योग्य. परंतु एकत्र आलीं कीं सिरोटोनिन नांवाच्या द्रव्याचा शरीरांत अतिरेक होऊन थरथर, घाम, ताप, भ्रम आणि क्वचित् झटके येऊं शकतात. प्रेगाबॅलिनबरोबर झोंपेची गोळी, अफूच्या वर्गांतील वेदनाशामक किंवा दारू पोटांत गेली तर श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानें डिसेंबर २०१९ मध्यें वृद्ध आणि दमेकरी रोग्यांसाठीं याचा विशेष इशारा दिला आहे. रात्रीं लघवीस उठलेला वृद्ध चक्कर येऊन पडतो आणि खुब्याचें हाड मोडतें. मग दुखणें पायाचें होतें तें खाटेचें होतें.

अमिट्रिप्टिलिननें तोंड कोरडें पडतें, बद्धकोष्ठ होतें. ज्याची प्रोस्टेट ग्रंथि वाढली आहे त्याची लघवी अडूं शकते. कांचबिंदु किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्यास तें न दिलेलेंच बरें. प्रेगाबॅलिननें पायांस सूज येते, वजन वाढतें, आणि मूत्रपिंड दुबळें असल्यास त्याची मात्रा कमी करावी लागते. हीं दोन्ही औषधें आपण होऊन एकाएकीं थांबवूं नयेत. चढलों तसेंच पायरीपायरीनें उतरावें. बाजारांत एकाच गोळींत दोन-दोन तीन-तीन औषधें घातलेलीं मिळतात, त्यांचीहि अडचण हीच कीं, त्यांतील एकाची मात्रा वाढविली तर दुसऱ्याचीहि आपोआप वाढते. आणि दोन निराळ्या नांवांच्या पट्ट्यांत पुष्कळदां एकच औषध असतें. म्हणून पट्टीवरचें मोठें नांव न वाचतां खालचें बारीक नांव वाचण्याची संवय घरांतील एका तरी माणसानें लावून घ्यावी.

'डॉक्टरी औषध उष्ण, झाडपाल्याचें निरुपद्रवी' ही समजूत तर सुशिक्षितांतहि घट्ट आहे. ज्या पुडीवर बनविणाराचें नांव नाहीं, आंत काय आहे तें लिहिलेलें नाहीं, आणि जी घेतांच तीन दिवसांत जादूसारखा गुण येतो, तिच्याविषयीं शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें पुष्कळदां आढळलें आहे. स्टिरॉइडनें रक्तांतील साखर चढते, म्हणजे जी साखर नस जाळीत होती तिलाच सरपण मिळतें. २००४ सालीं बोस्टन शहरांतील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल हानिकारक प्रमाणांत निघाला. शिसें स्वतःच मज्जातंतूंचें विष आहे. हा दोष आयुर्वेदाचा नव्हे, शुद्धतेची हमी नसलेल्या मालाचा आहे. आणि नव्या पद्धतीच्या 'शक्तीच्या गोळ्या' तरी निर्दोष आहेत असें नाहीं. ब६ जीवनसत्त्व थोडें असतां नसेचें रक्षण करतें. तेंच मोठ्या मात्रेंत महिनोन्‌महिने घेतल्यास नस बिघडवतें.

मग घरगुती उपायांस मेळांत स्थान नाहीं काय? अवश्य आहे. दुखऱ्या जागीं चोळल्यानें बरें कां वाटतें, याची उपपत्ति मेलझॅक आणि वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं मांडली. मणक्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक दरवाजा असतो. स्पर्शाचे निरोप तेथें गर्दीनें पोंचले तर दुखण्याचे निरोप आंत शिरण्यास वाट कमी उरते. आपल्या आजीबाई तळपायांस तूप लावून काशाची वाटी घांसत, त्यांस हा सिद्धांत ठाऊक नव्हता, पण अनुभव ठाऊक होता. ज्यांच्या त्वचेस स्पर्श सोसतो त्यांनीं ही वाटी आजहि खुशाल फिरवावी. सेवाग्रामीं महात्मा गांधी कुष्ठपीडित परचुरे शास्त्र्यांच्या अंगास स्वतः मालीश करीत. रोग त्यानें जात नव्हता. पण ज्याला सर्वांनीं दूर ठेवलें त्याला माणसाचा हात लागणें, हेंहि औषधाच्या शेजारीं बसण्याजोगें आहे.

शेकाविषयीं मात्र सावध असावें. बधिर पायास गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापविलेलें रुईचें पान किंवा वाळूची पुरचुंडी लावली, तर भाजल्याचें कळतच नाहीं, आणि मधुमेही पायावरची ती जखम पाय कापण्यापर्यंत जाऊं शकते. पाणी किंवा शेक किती गरम आहे तें घरच्या निरोगी माणसानें आधीं आपल्या कोपरानें पाहावें. बिब्बा लावणें आणि लोखंड तापवून डाग देणें, हे आमच्या बाजूस अद्याप चालणारे प्रकार तर सर्वस्वीं टाळावे. बिब्ब्यानें कातडी उठते; नव्या आगीनें जुनी आग क्षणभर झांकली जाते इतकेंच.

बाकीच्या उपायांत रोज बेताचें चालणें, रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें, रात्रीं पाय धुऊन, आरसा धरून तळवे पाहणें, अनवाणी न फिरणें आणि झोंपेची वेळ पाळणें हे मुख्य होत. कमरेच्या कळेंतहि फार दिवस अंथरुणास खिळून राहणें हितावह नाहीं. पाठीच्या मणक्यांच्या विकारामुळें बाबा आमट्यांस बसतां येत नसे. ते उभे असत किंवा आडवे असत. म्हणून त्यांनीं काम सोडलें नाहीं, कामाची मांडणी बदलली. १९८५ सालीं, सत्तरीच्या वयांत, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो अभियानास निघाले, ते आडवें पडून प्रवास करण्याची सोय केलेल्या वाहनांतून. सर्वांसच असें सामर्थ्य नसतें. पण खुर्चीची उंची, पाणी भरण्याची वेळ, ओट्यापाशीं उभें राहण्याची पद्धत, एवढें तरी प्रत्येक घरास बदलतां येतें.

नागिणीविषयीं चार शब्द स्वानुभवाचे. लहानपणीं होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणु मणक्याशेजारच्या मज्जातंतूच्या मुळांत दडून बसतो, आणि उतारवयांत शक्ति कमी झाली कीं त्याच तंतूच्या वाटेनें बाहेर येतो. तो तंतु शरीराच्या एकाच बाजूचा असतो. म्हणून पुरळ बहुधा अर्ध्यावरच थांबतें. 'नागिणीचें तोंड शेपटीस मिळालें कीं माणूस दगावतो' या भीतीस आधार नाहीं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आंत विषाणूवरचें औषध सुरू करणें महत्त्वाचें; मंत्र घालण्यांत आणि गेरू लावण्यांत तेच तास निघून जातात. पन्नाशीपुढील लोकांसाठीं नवी प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतांतहि मिळूं लागली आहे. ती महाग आहे, पण डॉक्टरांस विचारून पाहण्यासारखी आहे.

माझें पुरळ तीन आठवड्यांत वाळलें, पण बरगडीची आग राहिली. सदरा अंगास लागूं देववेना. तेव्हां मीं शाळामास्तराच्या संवयीनें एक वही घातली. रोज सकाळीं आणि रात्रीं दुखण्यास दहांपैकीं गुण द्यावयाचे. ही एकच परीक्षा अशी कीं, जींत गुण कमी पडले म्हणजे उत्तीर्ण. शेजारीं त्या दिवशींचीं औषधें, झोंपेचे तास आणि चालण्याचें अंतर. रात्रीच्या लहान गोळीनें सातांचे पांच झाले. पुढें डॉक्टरांनीं दुसरें औषध जोडलें, तेव्हां हळूहळू तीन झाले. ती वही पाहून डॉक्टरांनीं मात्रा ठरविली, आणि वर्षानंतर ती वही पाहूनच एकेक गोळी उतरविली. 'बरें वाटत नाहीं' या वाक्यावर कोणासहि उपचार करतां येत नाहीं. 'मंगळवारपासून पांच आहे आणि सकाळीं चक्कर येते' या वाक्यावर करतां येतो.

मात्र कांहीं चिन्हें अशीं आहेत कीं, जेथें वही लिहीत बसूं नये. पाऊल एकाएकीं लुळें पडणें, लघवी किंवा शौचाचा ताबा जाणें, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणें, डोळ्याजवळ नागीण उठणें, बधिर पायावर जखम होणें, किंवा त्वचेवर फिकट बधिर चट्टा दिसून नस ठणकूं लागणें. यांपैकीं कांहींहि झालें तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

सारांश, कारण शोधावें; एक औषध लहान मात्रेनें सुरू करून धीर धरावा; दुसरें जोडावयाचें तें डॉक्टरांच्या विचारानें; आणि चालणें, झोंप, मालीश, पायांची निगा यांस त्यांच्या शेजारीं मानानें बसवावें. आणि आज रात्रीं एवढें करावें: घरांतील वडील माणसांच्या उशाखालच्या, कपाटांतल्या आणि देव्हाऱ्याजवळच्या सर्व गोळ्या, पुड्या, तेलें एका ताटांत ओतावीं, त्यांचीं नांवें एका कागदावर लिहावीं, आणि तो कागद पुढच्या खेपेस डॉक्टरांच्या हातीं द्यावा. संकोचानें पुडी लपवूं नये. जें ताटांत मांडलें जातें त्याचा मेळ घालतां येतो. जें लपविलें जातें त्याची मिसळ होते.